सुडो लावून खिडकी उघडण्याआधी

प्रश्न विचारणारा कर्वेनगरला खोली घेऊन राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. (नवख्यांसाठी: रूट म्हणजे लिनक्सवरचं सर्वाधिकारी खातं; सुडो, जीकेसुडो आणि पीकेएक्झेक म्हणजे एखादा प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालवणाऱ्या कमांड.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. एफस्टॅब फाइल (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) बदलायला जीएडिट हा एडिटर रूट म्हणून उघडायचा होता. जुन्या सूचनांत जीकेसुडो वापरा म्हणतात, ते सापडतच नाही. पीकेएक्झेक लावलं तर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' येतं. शेवटी एक्सहोस्ट प्लस दिलं, तेव्हा चाललं, म्हणून ती ओळ लॉगिनलाच चालेल अशी टाकून ठेवलीय. डिस्कचे भाग पाडणारा जीपार्टेड मात्र गुपचूप पासवर्ड विचारून उघडतो, तो कसा? आणि आर्डुइनोचा आयडीई (बोर्डसाठी कोड लिहायचा प्रोग्रॅम) सुडोशिवाय बोर्डवर कोड चढवत नव्हता, आता तर सुडो लावूनही पोर्ट दिसत नाही. सर, बरोबर पद्धत कोणती?"

आधी ती एक्सहोस्ट प्लसची ओळ काढून टाक. बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल.

त्या ओळीने तू पडद्याच्या सर्व्हरला, म्हणजे खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरला, सांगितलंस की येणाऱ्याला ओळख विचारू नकोस. त्या मशीनवर ज्या कुठल्या खात्याने प्रोग्रॅम चालेल, त्याला तुझ्या पडद्यावर मोकळीक. २०१५ पासून एक्स सर्व्हर आपणहून नेटवर्कवर कान देत नाही, म्हणून बाहेरचा कोणी आला नसेल, एवढंच. खोलीतल्या मित्राला त्याच लॅपटॉपवर वेगळं खातं दिलं असशील, तर तुझी खिडकी त्याच्यासाठीही उघडीच होती.

आता तुला आलेल्या एररबद्दल. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये द्यायच्या.) कुठलाही ग्राफिकल प्रोग्रॅम सुरू होताना दोन गोष्टी शोधतो: पडदा कुठला, आणि त्यावर उतरण्याचा परवाना कुठे ठेवलाय. पहिलं डिस्प्ले नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतं, दुसरं एक्सऑथॉरिटीमध्ये. सुडो ही दोन्ही बरोबर नेतो, म्हणून सुडो जीएडिट बऱ्याचदा चालून जातं. पीकेएक्झेक मात्र जवळजवळ सगळं एन्व्हायर्नमेंट (अशा व्हेरिएबल्सचा संच) झटकून टाकतो आणि रूटला कोऱ्या पाटीने उभा करतो. पडदा कुठे आहे हेच त्या जीएडिटला कळत नाही. हा बग नाही, मुद्दाम तसं केलेलं आहे. एखाद्या प्रोग्रॅमच्या पॉलिसी फाइलमध्ये 'अलाऊ-जीयूआय' अशी खूण असेल, तरच ती दोन व्हेरिएबल्स आत जाऊ देतात. जीपार्टेडच्या फाइलमध्ये ती आहे, जीएडिटच्या नावाने अशी फाइलच नाही. तुझ्या कोड्याचं उत्तर एवढंच. पीकेएक्झेकच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की ही खूण शक्यतो वापरू नका, जुन्या प्रोग्रॅमांसाठी म्हणून ठेवलीय.

जीकेसू आणि जीकेसुडो तुला सापडणार नाहीत. २०१८ मध्ये डेबियनने ते काढून टाकले, उबुंटू १८.०४ मध्येही ते नव्हते. त्याआधीची सूचना कुठे दिसली तर तारीख बघून पुढे जा.

पण तू विचारलेल्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: अख्खी खिडकी रूटच्या नावाने उघडायची गरज कुठे आहे? एफस्टॅबमध्ये एक ओळ बदलायचीय. रूटचा अधिकार लागतो तो फाइल सेव्ह करण्याच्या क्षणाला. त्या क्षणासाठी तू फॉन्ट, थीम, प्लगइन, स्पेलचेक, चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररी, हे सगळं बिऱ्हाड रूट करून बसतोस. जीएडिटच्या खिडक्या काढणारी जीटीके ही लायब्ररी सेटयूआयडी प्रोग्रॅममध्ये (कोणीही चालवला तरी मालकाच्या हक्काने चालणाऱ्या) चालायला साफ नकार देते, कारण एवढं मोठं धूड रूटच्या हक्काने वावरू देण्याजोगं नाही हे तिच्या कर्त्यांनाच ठाऊक आहे.

फाइल मॅनेजर रूट म्हणून उघडणं तर त्याहून वाईट. त्या खिडकीत एखाद्या पीडीएफवर डबलक्लिक केलंस की ती दाखवणारा प्रोग्रॅमही रूट. थंबनेल तयार करणारा रूट. काही डिलीट केलंस की ते रूटच्या कचरापेटीत जातं; मग तू तुझी कचरापेटी रिकामी करत बसतोस आणि डिस्क काही मोकळी होत नाही.

एक्सची मूळ घडणही इथे आड येते. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, आज ज्याला आपण एक्स११ म्हणतो ती आवृत्ती १९८७ ची. एका पडद्यावर आलेले सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या ओळखीचे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. एक्सवर चाललेला कुठलाही प्रोग्रॅम शेजारच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो, आणि खोट्या कळा दाबूही शकतो. पटत नसेल तर एक्स सेशनमध्ये एक्सडूटूल हा खोट्या कळा दाबणारा प्रोग्रॅम टाकून बघ. तुझ्या साध्या खात्यातून, पासवर्ड न देता, शेजारी उघड्या असलेल्या रूटच्या एडिटरमध्ये तो धडाधड टाइप करेल. मग पासवर्ड विचारून साधलं काय? एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या पद्धतीत हे भोक बुजवलंय. फेडोराने नोव्हेंबर २०१६ मध्ये आवृत्ती २५ पासून वेलँड पुढे आणलं, उबुंटूने १७.१० मध्ये आणून १८.०४ ला माघार घेतली आणि २१.०४ पासून पुन्हा आणलं. तरी रूट म्हणून उघडलेला प्रोग्रॅम बहुधा एक्सवेलँडच्या (वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या जोडाच्या) आडोशाने येतो, आणि त्या आडोशाला जमलेल्या मंडळींत जुनेच नियम चालतात.

हे तात्त्विक वाटत असेल तर नारायण पेठेतल्या एका छापखान्याचं सांगतो. तिथली चार मशीन मी बघायचो, सगळ्यांवर उबुंटूचंच भावंड झुबुंटू १६.०४. एका सकाळी मालकांचा फोन: "अहो, पासवर्ड घेतंय, पडदा काळा होतोय आणि परत पासवर्ड विचारतंय. कालपर्यंत झकास चालू होतं." पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं, हे स्वीकारून परत हाकलून देत होतं. पोचलो, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन झालो. ते व्यवस्थित झालं, म्हणजे खातं शाबूत होतं. होम फोल्डरमध्ये लपलेल्या फायलींसकट यादी काढली. सगळ्या ओळींवर त्यांच्या ऑपरेटरचं नाव, आणि मधेच एका ओळीवर दोनदा 'रूट रूट'. फाइल होती डॉट-एक्सऑथॉरिटी. म्हणजे पडद्यावर उतरण्याचा परवानाच रूटच्या नावे झाला होता. ज्याचा पडदा त्यालाच तो वाचता येईना.

झालं होतं असं. ऑपरेटरने आदल्या दिवशी कुठूनसा वाचून दोन-तीन प्रोग्रॅम सुडो लावून चालवले होते. त्या काळी उबुंटूचा सुडो होम फोल्डर तुमचाच ठेवायचा. रूट म्हणून चाललेल्या प्रोग्रॅमने एखादी फाइल नव्याने लिहिली की ती तुमच्याच घरात रूटच्या मालकीची होऊन बसायची. १९.१० पासून उबुंटूने हे बदललं, आता सुडोबरोबर होमही रूटचं होतं. त्यामुळे तुझ्या मशीनवर हा धोका बराच कमी आहे. पण सुडोला 'ई' स्विच लावून स्वतःचं एन्व्हायर्नमेंट आत नेलंस तर जुनं दुखणं परत. मग सेटिंग ठेवणाऱ्या डीकॉन्फची फाइल रूटची होते आणि टर्मिनलवर 'परमिशन डिनाइड'ची रांग लागते.

इलाज दोन ओळींचा होता. चाउनने त्या फाइलची मालकी परत ऑपरेटरला दिली, बाहेर पडलो, लॉगिन झालं. मालकांनी चहा मागवला आणि विचारलं, "एवढ्याचसाठी सकाळपासून काम बंद होतं?" हो, एवढ्याचसाठी.

तुझंही घर एकदा तपास. फाइंड कमांडला होम फोल्डर आणि 'यूझर रूट' ही अट दे. जे निघेल त्याची मालकी स्वतःकडे घे. फक्त चाउन 'आर' स्विचने चालवताना मार्ग दोनदा वाच. एका प्रयोगशाळेत एका पोराने पहिल्या तिरप्या रेघेनंतर एक स्पेस जास्त टाकली आणि सगळी सिस्टिमच स्वतःच्या नावावर करून घेतली. त्यानंतर सुडोच म्हणायला लागला की माझा मालक रूट असायला हवा. पीकेएक्झेकचंही तेच. ते मशीन आम्ही सरळ नव्याने इन्स्टॉल केलं.

मग बरोबर पद्धत कोणती? शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तू पाहिला असशीलच. हत्तीने धडक देऊ नये म्हणून खिळे ठोकलेल्या त्या अजस्र फळीत एक माणूस वाकून जाईल एवढा छोटा दरवाजा आहे. जुन्या वाड्यांनाही असाच दिंडी दरवाजा असायचा. रोजची ये-जा तिथून, एकेकाने, पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर. मोठा दरवाजा त्यासाठी उघडत नसत. लिनक्सवर हे दिंडीचं काम पोलकिट करतं. खिडकी तुझ्याच नावाने चालते. अधिकाराचं काम करणारी एक छोटी सेवा मागे रूट म्हणून बसलेली असते. खिडकी तिला निरोप पाठवते, ती सेवा पोलकिटला विचारते की हे काम याने करावं का, आणि गरज असेल तर पासवर्डची चौकट येते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग कर. जीनोमचा डिस्क्स हा प्रोग्रॅम आणि जीपार्टेड, दोन्ही उघड. टर्मिनलवर पीएसने चालू प्रोसेसची यादी काढ, मालकाच्या नावासकट. जीनोम-डिस्क्सच्या ओळीवर तुझं नाव दिसेल आणि यूडिस्क्सडी नावाच्या सेवेच्या ओळीवर रूट. जीपार्टेडबिनच्या ओळीवर मात्र खुद्द रूट, अख्ख्या खिडकीसकट. दोघंही पार्टिशनचंच काम करतात. एकाने दिंडी ठेवलीय, दुसरा मोठा दरवाजा उघडून आत शिरतो. म्हणून जीपार्टेड वापरू नकोस असं नाही. पार्टिशन सरकवायला, लहान-मोठं करायला मला अजूनही तोच आवडतो. काम उरक आणि बंद कर, मागे उघडा ठेवून ब्राउझिंग करत बसू नकोस. आणि पेन ड्राइव्ह फक्त फॉरमॅट करायचा असेल तर डिस्क्स पुरतो.

एफस्टॅबसाठी तुझ्याकडे तीन वाटा आहेत. टर्मिनलशी वाकडं नसेल तर टर्मिनलमधला एडिटर नॅनो, म्हणजे सुडो नॅनो, विषय संपला. नॅनोही रूटच असतो, पण छोटा असतो आणि पडद्याशी त्याचा संबंध नसतो.

जीएडिटच हवा असेल तर पत्ता बदल. फाइलच्या मार्गाआधी 'ॲडमिन', मग कोलन, मग तिरप्या रेघा. म्हणजे जीएडिट ॲडमिन:///ईटीसी/एफस्टॅब. कोलननंतर रेघा तीन, दोन नाहीत. दोन पत्त्याच्या आणि तिसरी मार्गाची. सुडो लावायचा नाही. जीएडिट तुझ्याच नावाने उघडतो. फाइल वाचण्या-लिहिण्याचं काम जीव्हीएफएसची छोटी सेवा रूट म्हणून करते. फाइल्सच्या खिडकीत कंट्रोल-एल दाबून हाच पत्ता दिलास तर फोल्डरही तसंच उघडतं.

तिसरी वाट माझी आवडती, आणि लोक ती विसरतात: सुडोएडिट. तो फाइलची तात्पुरती प्रत काढतो, ती तुझ्या मालकीची करतो, तुझ्या आवडत्या एडिटरमध्ये उघडतो, आणि एडिटर बंद झाल्यावर बदल झाला असेल तरच मूळ जागी लिहितो. एडिटर तुझ्या सेटिंगसकट तुझाच राहतो. सुडो-एडिटर या व्हेरिएबलमध्ये जीएडिट टाकताना 'डब्ल्यू' स्विच लावायला विसरू नकोस. नाहीतर जीएडिट आधीच उघडा असला तर नवा टॅब उघडून लगेच परततो, सुडोएडिटला वाटतं काम संपलं, आणि तुझा बदल हवेत राहतो. व्हीएस कोड वापरत असशील तर त्याला 'वेट' स्विच. तसा तो सेव्ह अडल्यावर स्वतःच सुडोने पुन्हा प्रयत्न करू का असं विचारतो. केडीई डेस्कटॉपचा केट हा एडिटर तर २०१७ पासून सेव्ह करताना पोलकिटची चौकट आणतो; त्याच वर्षी त्याने रूट म्हणून चालायलाही नकार द्यायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी भरपूर आरडाओरडा केला होता, मीही त्यात होतो. आज वाटतं त्यांचं बरोबर होतं.

एफस्टॅब बदलल्यावर लगेच रीस्टार्ट करू नकोस. आधी फाइंड आणि त्याला चिकटून एम-एन-टी अशी कमांड 'व्हेरिफाय' स्विचसह दे, मग माउंटला 'ए' देऊन सगळं चढतंय ना ते बघ. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तिच्या ओळीत 'नोफेल' हवंच. नाहीतर डिस्क लावलेली नसताना मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. परीक्षेच्या आदल्या रात्री हे झालेली दोन पोरं माझ्या ओळखीची आहेत.

कधीकधी नाइलाज असतो. एखाद्या जुन्या उपकरणाबरोबर आलेला प्रोग्रॅम रूटशिवाय चालतच नाही. तेव्हा एक्सहोस्टला प्लस न देता फक्त रूटला परवानगी दे: प्लसला चिकटून 'एसआय', कोलन, 'लोकलयूझर', कोलन, 'रूट'. काम झालं की तेच वजा लावून परत दे, म्हणजे परवानगी गेली. जीपार्टेडच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येही वेलँडसाठी हीच युक्ती आहे. गरज पडली तर परवानगी देते आणि बंद होताना काढून घेते.

पोलकिट म्हणजे गंगाजळ, असं मात्र समजू नकोस. २५ जानेवारी २०२२ ला क्वॉलिस कंपनीने जाहीर केलं की पीकेएक्झेकमध्ये मे २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासून एक भोक आहे. एकही अर्ग्युमेंट न देता, अगदी प्रोग्रॅमचं नावसुद्धा न देता तो चालवला, तर तो यादीच्या पलीकडे जाऊन एन्व्हायर्नमेंटमधलंच काहीतरी उचलायचा. त्यातून कुठलाही साधा यूझर रूट होऊ शकत होता. पॉनकिट म्हणून ते गाजलं. पहारेकरी बारा वर्षं डुलक्या काढत होता, पण दिंडी चिंचोळी असल्यामुळे तपासायचा कोडही मोजकाच होता आणि दुरुस्ती लगेच आली. अपडेट टाकत जा. आणि त्याच पीकेएक्झेकचा एक उपकार लक्षात ठेव: सुडोअर्स फाइल (सुडो कोणाला वापरू द्यायचा ते सांगणारी) चुकून बिघडवलीस आणि सुडोच चालेनासा झाला, तर ग्राफिकल सेशनच्या टर्मिनलवर पीकेएक्झेक व्हायसुडो (ती फाइल बदलायची कमांड) देऊन ती दुरुस्त करता येते.

आता आर्डुइनो. इथे रूटचा मुळात संबंधच नव्हता. बोर्ड लावला की डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० अशी फाइल येते. एलएसने तिचे हक्क बघ: मालक रूट, ग्रुप डायलआउट. त्या ग्रुपात तू नाहीस, एवढीच अडचण. यूझरमॉडने स्वतःला त्यात घाल, पण 'ए' आणि 'जी' दोन्ही स्विच हवेत, आणि जी मोठ्या लिपीतला. 'ए' विसरलास तर नव्या ग्रुपात जातोस आणि बाकी सगळ्यांतून नाव कटतं, सुडोच्या ग्रुपातूनही. मी हे स्वतः एकदा केलंय. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन ग्रुप एकेक करून परत लावले. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन कर, नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. ग्रुप्स कमांडमध्ये डायलआउट दिसलं की झालं. नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या वायरशार्कचंही असंच आहे: पॅकेट पकडायचं काम डम्पकॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, तू फक्त वायरशार्क ग्रुपात असायला हवंस.

सुडो लावूनही पोर्ट नाही, हे वेगळं दुखणं आहे. तुझा बोर्ड तपकीर गल्लीतून घेतलेला, सीएच३४० चिपचा असणार असा माझा अंदाज. उबुंटू २२.०४ मध्ये बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज येतं, अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रांसाठी. त्या चिपचा ओळख क्रमांक १ए८६:७५२३ त्याच्याही यादीत आहे, त्यामुळे तो बोर्डला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. बोर्ड लाव आणि सुडो डीमेसग (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) देऊन शेवटच्या ओळी बघ: पोर्ट आला, बीआरएलटीटीवायचं नाव आलं, पोर्ट गेला, असा क्रम दिसेल. ब्रेल यंत्र वापरत नसशील तर ते पॅकेज काढून टाक आणि बोर्ड काढून पुन्हा लाव.

डीमेसगमध्ये काहीच उमटलं नाही, तर केबल बदलून बघ. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा नसतातच, नुसतं चार्जिंग होतं. बोर्डवरचा दिवा लागतो, म्हणून आपण कॉम्प्युटरवर संशय घेत बसतो.